डॉक्टरांना सांगायला मला आठ महिने लागले

या सदरात आजवर आपण बर्फ उपसण्यापासून सुपर व्हिसापर्यंत बरंच काही वाचलं. मीही मागे एकदा इथल्या बॅकयार्डात अळू जगवण्याच्या खटपटीबद्दल लिहिलं होतं. आजचा विषय अळूइतका सोपा नाही. घरात चाळिशी ओलांडलेला पुरुष असेल तर मात्र जरूर वाचा, आणि बायकांनीही वाचा, कारण आमच्या घरात शेवटी तोंड उघडलं ते माझ्या बायकोनंच.

मी मिसिसागात राहतो, वय 57. तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात माझ्या लक्षात आलं, की ताठरता आली की माझं शिश्न वरच्या बाजूला वाकतं आणि दुखतं. आधी असं कधीच नव्हतं. एरवी चाचपलं तर कातडीखाली वालाच्या दाण्याएवढं काहीतरी टणक हाताला लागायचं. दोन-अडीच महिन्यांत बाक इतका वाढला, की नवरा-बायकोची जवळीक बंदच पडली.

‘शिश्न’ हा शब्द लिहितानाही हात अडखळला, हे कबूल करतो. आपल्याकडे या अवयवाला एक तर पाठ्यपुस्तकातला संस्कृत शब्द आहे, नाहीतर शिवी, नाहीतर लहान मुलांशी बोलायचे शब्द. मोठ्या माणसानं डॉक्टरसमोर बसून सहज उच्चारावा असा मधला शब्द मला सापडला नाही. कंबर दुखते, गुडघा दुखतो हे आपण बसस्टॉपवर अनोळखी माणसालाही सांगतो. इथे मात्र भाषेनंच हात टेकले.

मग मी काय केलं? जे आपले बहुतेक पुरुष करतील तेच. रात्री उशिरापर्यंत ऑफिसचं काम आहे असं दाखवून खाली बेसमेंटमध्ये बसायला लागलो. कॅन्सर असेल अशी भीती एकीकडे, आणि तरुणपणी केलेल्या कसल्यातरी चुकीची ही शिक्षा असेल हा वेडगळ विचार दुसरीकडे. ‘धातू जाणं’, ‘वीर्यनाश’ असले शब्द ऐकत वाढलेली आमची पिढी, इंजिनीअर झालो तरी ते डोक्याच्या एका कोपऱ्यात बसून असतात. पुण्याहून येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून, कारण न सांगता, एक चूर्ण मागवलं. त्यानं पोट तेवढं बिघडलं. फार्मसीतून व्हिटॅमिन ई आणून चार महिने खाल्लं.

फॅमिली डॉक्टरकडेही गेलो होतो, नाही असं नाही. आमच्या डॉक्टर बाई आहेत, वयानं माझ्यापेक्षा लहान. त्यांच्यासमोर बसलो आणि ऐनवेळी तोंडातून निघालं, ‘लघवीला जरा जळजळ होते.’ त्यांनी बिचाऱ्यांनी लघवी तपासायला पाठवली. रिपोर्ट स्वच्छ आला. त्यांचा काय दोष? मी जे सांगितलं, त्याचीच तपासणी झाली.

शेवटी एका रविवारी सकाळी बायकोनं चहाचा कप पुढे ठेवला आणि विचारलं, ‘अहो, तुम्ही मला टाळताय का? माझं काही चुकलंय का? एकदाच काय ते सांगा.’ तिला वाटत होतं, की मला तिच्यात रस उरला नाही. एवढे महिने तिनं काय काय मनात आणलं असेल, याचा मी विचारच केला नव्हता. सांगितल्यावर ती पाच मिनिटं काही बोलली नाही, मग म्हणाली, ‘एवढंच? मी उद्या फोन करून अपॉइंटमेंट घेते.’ आणि अपॉइंटमेंटला ती बरोबर आली. त्या वेळी मी सरळ म्हणालो, ‘डॉक्टर, माय पीनिस हॅज स्टार्टेड टू बेंड, अँड इट हर्ट्स.’ अख्खं वाक्य घरी दोनदा म्हणून पाहिलं होतं. बाईंनी भुवईसुद्धा उचलली नाही. पाच मिनिटांत तपासून म्हणाल्या, की हा बहुधा ‘पेरोनीज डिसीज’ आहे, मी युरॉलॉजिस्टकडे रेफरल पाठवते. हे वाक्य इथे मुद्दाम लिहिलंय. कोणाला लागलं तर जसंच्या तसं उचला.

पेरोनी हे एका फ्रेंच सर्जनचं नाव. फ्रान्स्वा द ला पेरोनी हा पंधराव्या लुई राजाचा शल्यचिकित्सक. त्यानं 1743 मध्ये या दुखण्याचं वर्णन लिहिलं, म्हणून त्याचं नाव चिकटलं. माळेतल्या मण्यांसारख्या गाठींबद्दल त्यानं लिहिलंय आणि उपाय म्हणून एका गावच्या गरम झऱ्याचं पाणी सुचवलं होतं. म्हणजे पावणेतीनशे वर्षांपूर्वीही लोक याच्यासाठी झऱ्यापर्यंत जात होते, आणि मी आमच्या डॉक्टर बाईंपर्यंत जायला तयार नव्हतो.

होतं काय, ते मला युरॉलॉजिस्टनं कागदावर चित्र काढून समजावलं. शिश्नाच्या आत रक्त भरणाऱ्या दोन नळ्या असतात आणि त्यांच्याभोवती एक चिवट, ताणलं जाणारं आवरण असतं. त्या आवरणाला कुठेतरी इजा झाली आणि ती नीट भरून आली नाही, तर तिथे व्रणासारखा कडक चट्टा तयार होतो. मला सायकलची ट्यूब आठवली. पंक्चर काढताना एका बाजूला मोठं ठिगळ लावलं आणि हवा भरली, की ती बाजू ताणली जात नाही, ट्यूब तिकडे वाकते. इथेही तसंच. चट्टा वरच्या बाजूला असेल तर बाक वर, डावीकडे असेल तर डावीकडे. काहींना वाळूच्या घड्याळासारखी मधेच खाच पडते. काहींची लांबी कमी होते.

इजा म्हणजे काही मोठा अपघातच व्हावा लागतो असं नाही. संभोगाच्या वेळी नकळत मुडपल्यामुळे होणाऱ्या बारीक बारीक इजा पुरतात, आणि पुष्कळांना तशी एकही घटना आठवत नाही. मलाही आठवली नाही. सगळ्यांनाच अशा इजा होतात, मग व्रण काहींनाच का होतो, याचा संबंध शरीराच्या ठेवणीशी आणि आनुवंशिकतेशी लावला जातो. डॉक्टरांनी मला अचानक तळहात दाखवायला सांगितले, तेव्हा मी चक्रावलोच. तळहाताच्या कातडीखाली दोरीसारख्या गाठी होऊन करंगळी-अनामिका आखडत जातात, तो ड्युपिट्रन नावाचा आजार. पेरोनी असलेल्या काही पुरुषांना तोही असतो. माझे हात ठीक होते, पण माझ्या मोठ्या मामांची अनामिका कायम दुमडलेली असायची आणि आम्ही मुलं त्यावरून त्यांची नक्कल करायचो, हे मला तिथे बसल्या बसल्या आठवलं.

मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान, वाढतं वय, प्रोस्टेटची शस्त्रक्रिया यांचाही या दुखण्याशी संबंध दिसतो. हा भाग आपल्या लोकांसाठी महत्त्वाचा आहे. दक्षिण आशियाई माणसाला मधुमेहाचा धोका जास्त, हे इथला प्रत्येक डॉक्टर जाणतो. माझी साखर त्याच तपासणीत पहिल्यांदा वाढलेली सापडली. ताठरता कमी होणं ही तर कधी कधी हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराची आगाऊ सूचना असते. म्हणजे ज्या गोष्टीची लाज वाटून आपण डॉक्टरकडे जात नाही, तिच्या मागे लपलेली दुसरी गोष्ट जास्त धोक्याची असू शकते.

आणि हे काय नाही, तेही सांगतो. हा कॅन्सर नाही. हा कोणाकडून लागत नाही आणि कोणाला लागत नाही. बायकोला तुमच्यापासून काही होणार नाही. हस्तमैथुनाची ही शिक्षा नाही. दुर्मीळही नाही. जर्मनीत कोलोन शहरातल्या हजारो पुरुषांना प्रश्नावली पाठवून केलेल्या पाहणीत 3.2 टक्के पुरुषांनी आपल्याला हे असल्याचं सांगितलं होतं. आमच्या गणपतीला हॉलमध्ये दोनशे पुरुष सहज असतात. हिशेब तुम्हीच करा.

उपचारांबद्दल लिहिण्याआधी एक सावधगिरी. संभोगाच्या वेळी एकदम ‘कट्’ असा आवाज झाला, जोरात कळ आली, ताठरता लगेच गेली आणि सूज येऊन काळंनिळं झालं, तर ते पेरोनी नव्हे. ते आवरण फाटलेलं असतं. त्याच रात्री इमर्जन्सीत जायचं, सकाळची वाट पाहायची नाही.

पेरोनीचे दोन टप्पे असतात. पहिला साधारण सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतचा. यात दुखतं आणि बाक बदलत राहतो. नंतर दुखणं बहुतेकांचं आपोआप थांबतं आणि बाक जिथे आहे तिथे स्थिर होतो. आपोआप बरं होईल या आशेवर मी बसलो होतो, म्हणून 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचे आकडे मला फार लागले. उपचार न घेतलेल्या 246 पुरुषांवर लक्ष ठेवलं, तेव्हा सुमारे 12 टक्क्यांचा बाक कमी झाला, 40 टक्क्यांचा तसाच राहिला आणि 48 टक्क्यांचा वाढला. शंभरात बारा. एवढ्यावर कोणी लॉटरीचं तिकीटही घेणार नाही.

माझ्या व्हिटॅमिन ईचं काय झालं? अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशननं 2015 च्या आपल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलंय, की या दुखण्यासाठी व्हिटॅमिन ई किंवा ओमेगा-3 डॉक्टरांनी देऊ नये. कॅनडाच्या संघटनेनंही 2018 मध्ये याच आजारावर स्वतःच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. म्हणजे विषय इतका दुर्लक्षित नाही, जितका तो मला बेसमेंटमध्ये बसून वाटत होता.

पहिल्या टप्प्यात दुखण्यासाठी साध्या वेदनाशामक गोळ्या देतात. ताण देणारं एक यंत्र असतं, ते रोज ठरावीक वेळ, काही महिने लावायचं. कंटाळवाणं आहे, पण बाक थोडा कमी होण्याला आणि लांबी टिकण्याला त्यानं काहींना मदत होते. ध्वनिलहरींचे झटके देणाऱ्या ‘शॉकवेव्ह’च्या जाहिराती खूप दिसतात. दुखणं कमी व्हायला त्यांचा उपयोग होऊ शकतो, बाक सरळ करण्यासाठी त्या सुचवल्या जात नाहीत. पैसे भरण्याआधी एवढं लक्षात ठेवा.

चट्ट्यात द्यायची इंजेक्शनं असतात. त्यातलं कोलॅजिनेज हे चट्ट्यातलं कोलॅजन विरघळवतं. अमेरिकेत 2013 मध्ये त्याला या आजारासाठी परवानगी मिळाली. ज्या मोठ्या चाचण्यांवरून ती मिळाली, त्यांत बाक सरासरी 34 टक्के कमी झाला, आणि औषध नसलेली खोटी इंजेक्शनं घेतलेल्यांत 18 टक्के. म्हणजे फायदा आहे, जादू नाही. शिवाय आवरण फाटण्याचा धोका असतो, त्यामुळे हे काम अनुभवी डॉक्टरचंच. युरोपात कंपनीनं ते 2020 मध्ये धंद्याच्या कारणानं बाजारातून काढून घेतलं. तेव्हा तुमच्या प्रांतात आज काय मिळतं, हे युरॉलॉजिस्टलाच विचारावं.

शस्त्रक्रिया सगळ्यात खात्रीची, पण घाई करून चालत नाही. दुखणं सुरू होऊन वर्षभर झालेलं असावं आणि बाक निदान तीन ते सहा महिने बदललेला नसावा. शिंपी जसा सैल बाजूला टीप घालून कपडा बसवतो, तसे बाकाच्या विरुद्ध बाजूला टाके घालून सरळ करतात. यात लांबी थोडी कमी होते. बाक फारच मोठा असेल तर चट्टा कापून तिथे दुसऱ्या ऊतीचं ठिगळ लावतात. त्यात नंतर ताठरता कमी होण्याचा धोका जास्त. आणि मुळात ताठरताच येत नसेल, गोळ्यांनीही येत नसेल, तर आत कृत्रिम आधार बसवतात.

बाक मोजायचा म्हणून मला घरी ताठरतेच्या वेळचे फोटो काढून आणायला सांगितले होते. आमच्या घरी सगळ्यांचे फोटो एकाच फॅमिली अकाउंटवर जातात आणि दिवाणखान्यातल्या टीव्हीवर फिरत राहतात, हे मला कॅमेरा हातात घेतल्यावर आठवलं. आधी अर्धा तास बॅकअप बंद करण्यात गेला. हसलो त्या दिवशी दोघंही, बऱ्याच महिन्यांनी.

आता कॅनडाबद्दल, कारण माझं खरं म्हणणं इथेच आहे. पुण्यात असतो तर पैसे देऊन थेट युरॉलॉजिस्टच्या दवाखान्यात जाऊन बसलो असतो. इथे स्पेशालिस्टकडे जायचा रस्ता फॅमिली डॉक्टरच्या खोलीतून जातो. त्या एका खोलीत, त्या दहा मिनिटांत, तुम्ही नेमकं बोलला नाहीत तर पुढचं काहीच हलत नाही. मला रेफरलनंतर युरॉलॉजिस्टची तारीख चार महिन्यांनी मिळाली. इथल्या प्रतीक्षायादीला आपण सगळेच नावं ठेवतो, मीही ठेवतो, पार्टीतला तो आमचा आवडता विषय. पण माझ्या वर्षातले चार महिने यादीचे होते आणि आठ महिने माझे. तोवर पहिला टप्पा, जेव्हा काही करून पाहता आलं असतं, तो जवळजवळ संपून गेला होता. डॉक्टरची भेट आणि गरजेची शस्त्रक्रिया ओहिपमध्ये बसते. बाहेरच्या गोळ्या आणि ते ताण देणारं यंत्र यांचा खर्च मात्र नोकरीच्या इन्शुरन्सवर किंवा स्वतःच्या खिशावर. माझं यंत्र माझ्या खिशातून आलं.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांतली. आई-वडील सुपर व्हिसावर येतात. बाबांना काही त्रास असेल तर डॉक्टरकडे बरोबर कोण जातं? मुलगा, नाहीतर सून. दुभाषाही तीच. सत्तर वर्षांचा माणूस सुनेच्या तोंडून हे सांगेल का? मरेल, पण सांगणार नाही. मोठ्या हॉस्पिटलांत फोनवरून दुभाषा मिळू शकतो, अपॉइंटमेंट घेतानाच तो मागावा आणि आपण खोलीबाहेर बसावं. शिवाय सुपर व्हिसाचा इन्शुरन्स मुख्यतः अचानक उद्भवणाऱ्या आजारांसाठी असतो, अशा दुखण्याला तो बहुधा उपयोगी पडत नाही. तेव्हा बाबा परत जाण्याआधी मुलानं एकदा, फिरायला नेऊन, सरळ विचारावं, आणि तिकडे चांगला युरॉलॉजिस्ट शोधून द्यावा. नाहीतर रेल्वेलाइनच्या भिंतीवर ‘गुप्तरोग’ लिहून फोन नंबर देणारे आहेतच वाट पाहत. ‘गुप्त’ हा शब्दच त्यांचा धंदा चालवतो.

आपल्याकडे याबद्दल कोणी मराठीत बोललंच नाही असंही नाही. र. धों. कर्व्यांनी 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं आणि 1953 मध्ये जाईपर्यंत ते चालवलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यात सरळ उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. 1934 मध्ये त्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पुढे डॉ. विठ्ठल प्रभूंचं ‘निरामय कामजीवन’ तर लग्नात भेट द्यायचे लोक. आमच्याकडेही आलं होतं, बायकोच्या मैत्रिणीनं दिलेलं. कॅनडाला येताना सामानात जागा नाही म्हणून आम्ही ते मागे ठेवलं आणि प्रेशर कुकर आणला.

आमच्या मंडळात दरवर्षी कोणीतरी डॉक्टर येऊन मधुमेहावर, गुडघ्यांवर बोलतात. मी यंदा सुचवलं, की एक तास पुरुषांच्या या दुखण्यांसाठी ठेवा, प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्या, नाव नको. समितीतल्या एकानं विचारलं, ‘मुलं असतात हो कार्यक्रमाला.’ दुसऱ्यानं, ‘आपल्यात कोणाला असतं असलं?’ मी गप्प बसलो. तिथे ‘मला’ म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही.

आणि हा लेखही नावाशिवाय छापा, असं मी संपादकांना कळवलंय. त्यांना माझं नाव ठाऊक आहे. गप्प बसू नका असं लिहायचं आणि स्वतःचं नाव झाकायचं, यातली विसंगती मला दिसत नाही असं नाही. मुलीचं लग्न ठरतंय, होणारे व्याही नाशिकचे आहेत आणि हे सदर वाचतात. बायको म्हणाली, आधी लग्न होऊ दे, मग तुमचं नाव फोटोसकट छापा.

या आजारात जवळपास निम्म्या पुरुषांमध्ये नैराश्याची लक्षणं दिसल्याचं एका अभ्यासात वाचलं, तेव्हा बेसमेंटमधल्या त्या रात्रींना काय म्हणायचं ते मला कळलं. माझं पुढे काय झालं, तर सहा महिने यंत्र लावलं. दुखणं केव्हाच थांबलं होतं. बाक थोडा कमी होऊन आता 30 अंशांच्या आसपास स्थिर आहे. युरॉलॉजिस्ट म्हणाले, ‘तुमचं दोघांचं नीट चालत असेल तर ऑपरेशनची काही गरज नाही.’ त्यांनी प्रश्न माझ्याकडे बघून विचारला होता, उत्तर बायकोनं दिलं.

गेल्या महिन्यात एका ओळखीच्या घरी सत्यनारायणाला गेलो होतो. प्रसाद घेऊन गॅरेजपाशी उभा होतो, तर समितीतला तोच दुसरा गृहस्थ शेजारी येऊन उभा राहिला. थोडा वेळ हवेबद्दल बोलला, मग टायरच्या किमतींबद्दल. मग इकडेतिकडे बघून म्हणाला, ‘ते तुम्ही मंडळात म्हणत होतात ना, त्या डॉक्टरला रेफरल कसं मागायचं असतं?’ मी त्याला ते इंग्रजी वाक्य सांगितलं. त्यानं फोनमध्ये लिहून घेतलं.